भौतिकीकडून जीवसृष्टीकडे : गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा



इटलीतील विद्यापीठांत नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ एखाद्या प्राध्यापकाच्या जाहीर व्याख्यानाने करण्याची प्रथा होती. १९०१ साली रोम विद्यापीठात हा मान गणितीय भौतिकीचे प्राध्यापक व्हितो व्होल्तेरा यांच्याकडे आला. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते आणि युरोपातील अग्रगण्य गणितज्ञांत त्यांची गणना होऊ लागली होती. व्याख्यानासाठी त्यांनी निवडलेला विषय मात्र त्यांच्या नेहमीच्या अभ्यासाबाहेरचा होता. जीवविज्ञाने व सामाजिक शास्त्रे यांना गणित लागू करण्याचे जे प्रयत्न चालले होते, त्यांचा परामर्श त्यांनी घेतला. ग्रहांच्या आणि यंत्रांच्या गतीचा हिशेब मांडणारे गणित सजीवांच्या जगात उपयोगी पडेल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

हा प्रश्न विचारल्यानंतर जवळजवळ २५ वर्षे व्होल्तेरा यांनी जीवविज्ञानात स्वतःचे असे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले नाही. १९२६ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी ते केले; आणि तेही समुद्रातील माशांविषयी. आज परिस्थितिविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आढळते ते या उत्तरवयातील कार्यामुळे. परंतु हे कार्य म्हणजे वार्धक्यात लागलेला एखादा छंद नव्हता. भौतिकीत ४० वर्षे घडवलेली साधने आणि त्या साधनांबरोबर अंगी बाणलेली शिस्त, ही दोन्ही त्यामागे उभी होती. ही शिस्त कोणती, एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात ती कशी नेता आली आणि तिची मर्यादा कोठे होती, हे समजून घेणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

व्होल्तेरा यांचा जन्म ३ मे १८६० रोजी एड्रियाटिक समुद्राच्या काठी असलेल्या अँकोना या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई मुलाला घेऊन आपल्या भावाच्या आश्रयाला गेली आणि मुलाचे बालपण मुख्यतः फ्लॉरेन्समध्ये गेले. मामा बँकेत नोकरीस होते. घरची स्थिती बेताची असल्यामुळे व्हितोनेही लवकर नोकरीस लागावे, अशी कुटुंबाची इच्छा असणे स्वाभाविक होते. मुलाचे मन मात्र वेगळीकडेच गुंतले होते. वयाच्या ११ व्या वर्षी तो लजांद्रची भूमिती वाचू लागला. १३ व्या वर्षी ज्यूल व्हेर्न यांची चंद्रप्रवासावरील कादंबरी त्याच्या हाती पडली. आणि पृथ्वी व चंद्र या दोहोंच्या आकर्षणात सापडलेल्या तोफगोळ्याचा मार्ग कसा काढावा, या विचाराने त्याला पछाडले. हा प्रश्न गणितात अत्यंत कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. मुलाने त्यावर योजलेली युक्ती साधी होती. त्याने काळाचे अगदी लहान लहान तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यापुरते आकर्षणबल स्थिर आहे असे धरले आणि तुकड्यामागून तुकडा जोडत पुढे जाण्याची रीत बसवली. लहान काळात काय घडते ते नीट मांडले, म्हणजे मोठ्या काळाचा इतिहास त्यातून बांधता येतो, ही दृष्टी त्यांना अशी लहानपणीच गवसली. पुढे माशांच्या प्रश्नातही हीच दृष्टी कामी आली.

मुलाला नोकरीकडे वळवण्याचे काम एका अभियंता नातलगावर सोपवण्यात आले होते. त्याने मुलाची परीक्षा पाहिली आणि उलट कुटुंबाचेच मन वळवले. अंतोनियो रॉइती या भौतिकीच्या शिक्षकांनी व्होल्तेरा यांना विद्यार्थिदशेतच आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून जागा दिली, त्यामुळे शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १८८० साली ते पिसा येथील स्कुओला नॉर्माले या नामांकित संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांना दोन थोर गुरू लाभले. उलिस्से दीनी हे गणितातील काटेकोर सिद्धतेचे आग्रही होते, तर एन्रिको बेट्टी यांचा ओढा गणितीय भौतिकीकडे होता. दोघांचाही ठसा शिष्यावर उमटला. १८८१ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी असे एक फलन रचून दाखवले की ज्याचा अवकलज सर्वत्र अस्तित्वात व मर्यादित असूनही रीमान यांच्या रीतीने त्याचे समाकलन करता येत नाही. अवकलन आणि समाकलन या परस्परविरुद्ध क्रिया आहेत, ही सर्वमान्य समजूत किती जपून वापरली पाहिजे, हे त्यावरून दिसून आले. १८८२ साली द्रवगतिकीवरील प्रबंधाबद्दल त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २३ व्या वर्षी, ते पिसा येथे यामिकीचे प्राध्यापक झाले. त्यानंतर तूरिन आणि १९०० सालापासून रोम, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला.

१८८७ साली त्यांनी मांडलेली एक कल्पना येथे समजून घेतली पाहिजे. शाळेत शिकवले जाणारे फलन एका संख्येवर किंवा काही थोड्या संख्यांवर अवलंबून असते. वर्तुळाची त्रिज्या सांगितली की क्षेत्रफळ सांगता येते. परंतु भौतिकीत अशा कितीतरी राशी आहेत, की ज्या एका संख्येने ठरत नाहीत. त्या संपूर्ण वक्ररेषेच्या आकारावर अवलंबून असतात. बंद तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा जवळच्या चुंबकावर होणारा परिणाम घ्या. तारेचे एखादे टोक किंवा एखादा बिंदू यावरून तो सांगता येत नाही. तारेला दिलेला सगळा आकार माहीत असावा लागतो. अशा राशींचा पद्धतशीर अभ्यास व्होल्तेरा यांनी सुरू केला. त्यांना ते ‘रेषांची फलने’ म्हणत. पुढे फ्रेंच गणितज्ञ आदामार यांनी वापरलेली ‘फलनक’ ही संज्ञा रूढ झाली आणि विसाव्या शतकातील गणिताची एक मोठी शाखा या बीजातून वाढली.

संपूर्ण रेषेचा विचार करण्याची सवय लागल्यावर संपूर्ण भूतकाळाचा विचार करणे फार दूर राहत नाही. न्यूटनप्रणीत यामिकीत वस्तूची आजची स्थिती आणि आजचा वेग कळला की उद्याची स्थिती काढता येते. काल काय घडले होते, याची चौकशी करावी लागत नाही. परंतु प्रत्यक्ष पदार्थ असे वागत नाहीत. एखादी तार पुष्कळ वेळ पिळून ठेवली आणि मग सोडली, तर ती लगेच पूर्ववत होत नाही. ती किती वेळ आणि कशी पिळली होती, यावर तिचे आजचे वर्तन अवलंबून असते. लोखंडाचे चुंबकत्वही असेच आधीच्या इतिहासाला धरून राहते. अशा पदार्थांना जणू स्मृती असते. त्यांच्या वर्णनासाठी व्होल्तेरा यांनी ज्या समीकरणांचा उपयोग केला, त्यांत आरंभापासून आजपर्यंतच्या साऱ्या क्षणांचा वाटा बेरजेच्या रूपाने येतो. १८९६ साली त्यांनी या प्रकारच्या समाकल समीकरणांची उकल करण्याची सर्वसाधारण रीत प्रसिद्ध केली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

१९०७ सालचे त्यांचे आणखी एक काम उदाहरण म्हणून सांगण्यासारखे आहे. रबराची पोकळ नळी उभी चिरावी, चिरेच्या कडा एकमेकींच्या मानाने थोड्या सरकवाव्यात आणि पुन्हा चिकटवाव्यात. बाहेरून कोणताही भार नसताना नळीच्या आत ताण कोंडून राहतो. अशा कोंडलेल्या ताणांचे सर्व प्रकार व्होल्तेरा यांनी गणिताने वर्णन केले. त्या वेळी हा केवळ सैद्धांतिक विचार वाटला असेल. परंतु १९३४ साली धातू अपेक्षेपेक्षा इतक्या सहज का वाकतात, याचा उलगडा स्फटिकांतील अशाच सरकलेल्या रचनांवरून झाला.

आता १९०१ सालच्या व्याख्यानाकडे वळू. भौतिकीतील यशाने भारावून जाऊन जीवविज्ञानावर समीकरणे लादावीत, असे व्होल्तेरा यांनी त्यात सांगितले नाही. अभ्यासाची पायरीपायरीने चढण त्यांनी दाखवली. प्रथम ज्या गोष्टी मोजता येतात त्या निवडाव्यात आणि मोजाव्यात. नंतर त्यांच्यातील परस्परसंबंध शोधावेत. मग सोपी गृहीतके करून समीकरणे मांडावीत आणि निष्कर्ष पुन्हा अनुभवाशी ताडून पाहावेत. अर्थशास्त्रज्ञांनी कल्पिलेल्या केवळ आर्थिक हेतूने वागणाऱ्या माणसावर तेव्हा बरीच टीका होत असे. त्याबाबत त्यांचे म्हणणे असे, की घर्षणरहित पृष्ठभाग आणि कधीही न ताणली जाणारी दोरी यांची सवय असलेल्या यामिकीच्या अभ्यासकाला अशा कल्पनेचे नवल वाटण्याचे कारण नाही. सुलभीकरण हा दोष नव्हे. मात्र आपण काय सोडून दिले आहे याचे भान अभ्यासकाने सतत ठेवले पाहिजे.

त्यानंतरची वर्षे संशोधनाबरोबरच संस्थांच्या उभारणीत गेली. १९०५ साली ते इटलीच्या सेनेटचे सभासद झाले. विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या इटालियन संस्थेचे ते प्रवर्तक होते. पहिल्या महायुद्धात इटली १९१५ साली उतरली, तेव्हा वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांनी सैन्याच्या अभियांत्रिकी दलात नाव नोंदवले. वायुजहाजांवर बसून त्यांनी तोफा डागण्याचे प्रयोग केले आणि भडकून पेटणाऱ्या हायड्रोजनऐवजी हेलियम वापरण्याची सूचना पुढे मांडली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. १९२३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी, ज्या संस्थेचे गॅलिलिओ एके काळी सभासद होते त्या लिंचेई अकादमीचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

ज्या प्रश्नाची त्यांना २५ वर्षे जणू प्रतीक्षा होती, तो त्यांच्या घरातूनच आला. त्यांची कन्या लुइझा हिचा विवाह उम्बेर्तो दांकोना या तरुण प्राणिशास्त्रज्ञाशी ठरला होता. दांकोना यांनी त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस या एड्रियाटिकच्या उत्तर टोकाकडील बंदरांच्या मासळीबाजारांतील १९०५ ते १९२३ या काळातील आकडे तपासले होते. त्यांत त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मुशी, पाकट अशा कूर्चेचा सांगाडा असणाऱ्या माशांचे एकूण मासळीतील प्रमाण युद्धाच्या काळात वाढले होते. हे मासे इतर माशांवर उपजीविका करणारे. फ्यूमेच्या बाजारात १९१४ साली त्यांचे प्रमाण शेकडा ११.९ होते, १९१५ साली ते २१.४ झाले आणि १९१८ साली ३६.४ पर्यंत चढले. युद्ध संपल्यावर ते उतरत गेले आणि १९२३ साली १०.७ वर आले.

युद्धकाळात एड्रियाटिक हा रणक्षेत्राचा भाग असल्यामुळे तेथील मासेमारी फार घटली होती, हे उघड आहे. जाळी थांबली की समुद्रात मासे वाढणार, हेही साहजिक. परंतु मग सर्वच जातींचे मासे सारख्या प्रमाणात का वाढले नाहीत? मासेमारी थांबल्याचा लाभ शिकार करणाऱ्या जातींनाच अधिक का व्हावा? दांकोना यांनी हा प्रश्न आपल्या भावी सासऱ्यांपुढे ठेवला. १९०१ साली सांगितलेल्या पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे मोजणीची, येथे कोणीतरी आधीच पार केली होती. पुढची पायरी गणितज्ञाची होती.

व्होल्तेरा यांनी समुद्राचे चित्र निर्दयपणे सोपे केले. ऋतू, वादळे, वय, आकार, स्थलांतर या साऱ्या गोष्टी त्यांनी बाजूस ठेवल्या. उरल्या त्या दोनच जाती : एक भक्ष्य आणि एक भक्षक. भक्ष्य माशांना अन्नाची वाण नाही. भक्षक नसतील तर त्यांची संख्या तिच्याच प्रमाणात वाढत जाईल. भक्षकांना भक्ष्य मिळाले नाही, तर त्यांची संख्या तिच्या प्रमाणात घटत जाईल. दोहोंच्या गाठी किती पडतील, हे दोन्ही संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून राहील. भक्षक दुप्पट झाले तर गाठी दुप्पट, आणि भक्ष्यही दुप्पट झाले तर चौपट. वायूतील रेणूंच्या टकरी भौतिकीत अशाच मोजल्या जातात. प्रत्येक गाठीत भक्ष्याचे नुकसान आणि भक्षकाचा फायदा ठराविक प्रमाणात होतो. एवढ्या गृहीतकांवरून दोन अवकल समीकरणे मिळतात. आणि मग तेरा वर्षांच्या मुलाने केले तेच करावयाचे असते. लहान काळातील बदल जोडत जाऊन दीर्घ काळाचा इतिहास बांधावयाचा.

हा इतिहास चक्राकार निघाला. भक्ष्य वाढले की काही काळाने भक्षक वाढतात. भक्षक वाढले की भक्ष्य घटते. भक्ष्य घटले की भक्षकांची उपासमार होऊन तेही घटतात. आणि मग भक्ष्याला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. या चढउतारांना हवामानासारखे कोणतेही बाह्य कारण लागत नाही. दोन जातींच्या परस्परसंबंधातच ते दडलेले असतात.

दुसरा निष्कर्ष सरासरीविषयी आहे आणि तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. एका पूर्ण चक्रातील भक्षकांची सरासरी संख्या भक्ष्याच्या वाढीच्या वेगावर आणि गाठीत होणाऱ्या त्याच्या नुकसानीवर ठरते. उलट, भक्ष्याची सरासरी संख्या भक्षकांच्या घटीच्या वेगावर आणि गाठीतून त्यांना होणाऱ्या फायद्यावर ठरते. काही कल्पित आकडे घेऊन हे स्पष्ट करता येईल. भक्ष्य मासे निर्वेध असता वर्षाला शेकडा ६० या दराने वाढतात आणि दर १०,००० भक्ष्यांमागे एक भक्षक वर्षाला ६ खातो, असे धरा. मग १,००० भक्षक असले म्हणजे भक्ष्याची वाढ नेमकी खाऊन टाकली जाते. भक्षक उपाशी राहिले तर वर्षाला शेकडा ४० या दराने घटतात आणि दर १,००० भक्ष्यांमुळे त्यांची वाढ शेकडा २ होते, असे धरा. मग त्यांचा तोल राखण्यास २०,००० भक्ष्य लागतील. सरासरी संख्या याच : १,००० भक्षक आणि २०,००० भक्ष्य.

आता या समुद्रात मासेमार आले आणि दोन्ही जातींचे शेकडा १० या दराने मासे धरू लागले. भक्ष्याच्या वाढीचा वेग ६० वरून ५० वर आला; म्हणून तोल राखण्यास आता सुमारे ८३३ भक्षक पुरेत. भक्षकांच्या घटीचा वेग मात्र ४० वरून ५० झाला. म्हणून त्यांना टिकून राहण्यास २५,००० भक्ष्य हवेत. म्हणजे दोन्ही जातींचे मासे धरले जात असूनही भक्ष्याची सरासरी वाढली आणि भक्षकांची घटली. एकूण माशांत भक्षकांचे प्रमाण शेकडा सुमारे ५ होते ते सुमारे ३ वर आले. मासेमारी थांबवली की हेच उलट्या दिशेने घडेल. भक्षकांचे प्रमाण चढेल. फ्यूमेच्या बाजारातील आकड्यांची दिशा हीच होती. अर्थात या नियमालाही सीमा आहे. मासेमारीचा दर भक्ष्याच्या वाढीच्या दरापलीकडे गेला, तर भक्ष्य वाढण्याची गोष्टच उरत नाही. दोन्ही जाती नाश पावतात.

हा नियम समुद्रापुरता नाही. कॅलिफोर्नियातील संत्र्यालिंबाच्या बागा एका ऑस्ट्रेलियन खवलेकिडीने ग्रासल्या होत्या. १८८८ साली तिचा नैसर्गिक शत्रू असलेला एक लेडीबर्ड भुंगेरा ऑस्ट्रेलियातून आणला गेला आणि कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक फवारले गेल्यावर काही बागांत ही कीड उलट पुन्हा बळावली. औषधाचा घाव भक्ष्य आणि भक्षक या दोन्ही कीटकांवर पडला आणि त्याचा लाभ भक्ष्याला, म्हणजे किडीला, झाला. भुंगेऱ्यांवर औषधाचा परिणाम अधिक कडक होता, हेही त्याचे एक कारण होते; परंतु व्होल्तेरा यांच्या समीकरणांचा इशारा याच दिशेने होता.

व्होल्तेरा यांनी आपले विवेचन १९२६ साली लिंचेई अकादमीच्या प्रकाशनात आणि संक्षेपाने ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या आल्फ्रेड लोट्का यांनी निदर्शनास आणले, की दोन जातींची ही समीकरणे आपल्या १९२५ सालच्या ग्रंथात आलेली आहेत. लोट्का रसायन व भौतिकी यांच्या अभ्यासातून या विषयाकडे आले होते. व्होल्तेरा यांनी दोन जातींच्या बाबतीत लोट्का यांचे अग्रत्व मान्य केले आणि अनेक जातींच्या सर्वसाधारण सिद्धांताकडे लक्ष वळवले. आज ही समीकरणे दोघांच्या नावाने ओळखली जातात, ते योग्यच आहे.

सिद्धांताची कसोटी लागण्यास फार काळ लागला नाही. रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांनी काचेच्या नळ्यांत दोन सूक्ष्म जीव एकत्र वाढवले. त्यांपैकी एक दुसऱ्याला खाणारा होता. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या प्रयोगांची हकिकत आहे. चक्राकार चढउतार अपेक्षित होते. प्रत्यक्षात भक्षकाने सर्व भक्ष्य संपवले आणि नंतर तोही उपासमारीने मेला. बाहेरून अधूनमधून नवे जीव सोडले, तेव्हाच चढउतार दिसले. एड्रियाटिकच्या आकड्यांबाबतही नंतरच्या अभ्यासकांनी शंका काढल्या आहेत. बाजारात आलेले मासे म्हणजे समुद्रातील माशांची गणती नव्हे. शिवाय गणिताच्या दृष्टीनेही हे चक्र नाजूक आहे. भक्ष्याच्या वाढीला जागेची थोडीशी मर्यादा घातली, तरी मूळचे अखंड चक्र टिकत नाही आणि चढउतार हळूहळू विरून जातात.

मग या सिद्धांताचे मोल काय? समुद्राचे हुबेहूब चित्र काढल्याचा दावा त्याने केलाच नव्हता. परस्परांवर अवलंबून असलेल्या जातींपैकी एकीवर घाव घातला, तर परिणाम दुसरीवर आणि तोही अनपेक्षित दिशेने दिसू शकतो, ही गोष्ट त्याने निःसंदिग्ध शब्दांत मांडली. गाउझे यांचा प्रयोग फसला तोही या नेमकेपणामुळेच उपयोगी ठरला; कोणते गृहीतक मोडले, हे शोधता आले. अस्पष्ट विधान खोटे ठरवता येत नाही आणि म्हणून त्यापासून शिकताही येत नाही.

व्होल्तेरा यांची स्वतःची पुढची पायरी त्यांच्या जुन्या अभ्यासाशी जोडलेली होती. आज खाल्लेल्या अन्नाची पिले आजच होत नाहीत. भक्षकांच्या आजच्या वाढीत कालच्या, परवाच्या आणि त्याआधीच्या शिकारीचा वाटा असतो. म्हणजे माशांच्या समूहालाही पिळलेल्या तारेप्रमाणे भूतकाळ असतो. तारेसाठी घडवलेले स्मृतीचे गणित त्यांनी येथे आणले आणि पॅरिस येथील व्याख्यानांवर आधारलेल्या १९३१ सालच्या आपल्या फ्रेंच ग्रंथात ते विस्ताराने मांडले. भौतिकी आणि जीवविज्ञान या त्यांच्या दोन क्षेत्रांमधील खरा सांधा हा होय.

याच जातीचे गणित त्या काळी एका निराळ्या वाटेने भारताशी संबंधित प्रश्नाला लागू झाले होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले मॅकेंड्रिक आणि एडिंबरो येथील रसायनशास्त्रज्ञ कर्मॅक यांनी १९२७ साली साथीच्या रोगांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यांचे काम व्होल्तेरा यांच्या मत्स्यविषयक लेखांवरून निघालेले नव्हते. परंतु रोग्यापासून होणारा संसर्ग त्याला लागण होऊन किती काळ लोटला यावर अवलंबून असतो, असे धरल्याबरोबर त्यांची समीकरणे व्होल्तेरा यांच्या समाकल समीकरणांच्या वर्गातील झाली. त्यांतील सोप्या प्रकाराचा पडताळा घेण्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरील १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंतच्या प्लेगमधील मृत्यूंचे आठवडेवार आकडे वापरले. मुंबईकरांनी भोगलेल्या त्या साथीचा आलेख आजही साथरोगांच्या गणितात उद्धृत केला जातो.

१९३१ हे वर्ष व्होल्तेरा यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने निर्णायक ठरले. मुसोलिनीच्या राजवटीला त्यांचा विरोध आरंभापासून होता. १९२५ साली तत्त्वज्ञ क्रोचे यांनी काढलेल्या फॅसिझमविरोधी पत्रकावर त्यांनी सही केली होती. अकादमी आणि संशोधन परिषद यांच्या अध्यक्षपदांची मुदत संपल्यावर ती पदे त्यांच्याकडे पुन्हा आली नाहीत. १९३१ साली विद्यापीठांतील सर्व प्राध्यापकांनी राजाबरोबरच फॅसिस्ट राजवटीशीही एकनिष्ठतेची शपथ घ्यावी, असा हुकूम निघाला. सुमारे १,२०० प्राध्यापकांपैकी डझनभरांनीच ती नाकारली. त्यांत व्होल्तेरा होते. आपली राजकीय मते सर्वांना ठाऊक आहेत आणि आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला ही शपथ मानवणार नाही, अशा आशयाचे थोडक्यात पत्र त्यांनी कुलगुरूंना पाठवले. ३१ वर्षे भूषवलेले रोमचे अध्यासन गेले. १९३४ साली अशीच शपथ अकादमीच्या सभासदांना घालण्यात आली आणि त्यांनी ती नाकारल्यामुळे लिंचेई अकादमीचे सभासदत्वही गेले.

त्यानंतर त्यांचा बराच काळ देशाबाहेर, विशेषतः पॅरिसमध्ये, व्याख्याने देण्यात गेला. जीवसमूहांचा गणितीय सिद्धांत ते अखेरपर्यंत पुढे नेत राहिले. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांनी त्यांच्या मुलांच्याही नोकऱ्या गेल्या. ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या देशातील विद्यापीठे आणि अकादमी त्यांच्याविषयी जाहीरपणे काही बोलू शकत नव्हत्या. व्हॅटिकनमधील पोपच्या विज्ञान अकादमीने त्यांना १९३६ साली सभासद करून घेतले होते. रोममध्ये त्यांचे स्मरण झाले ते तेथे. महायुद्धानंतर लिंचेई अकादमी पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिने आपल्या जुन्या अध्यक्षाला उशिराने का होईना, आदरांजली वाहिली.

व्होल्तेरा यांच्या जीवनाकडे पाहताना त्यांचे गणित आणि त्यांचा नकार यांना वेगळे काढण्याचे कारण नाही. कोणत्या गृहीतकावर आपण उभे आहोत ते स्पष्ट सांगावे आणि जे मान्य नाही ते मान्य असल्याचे भासवू नये, ही सवय त्यांना पिसा येथील वर्गात लागली होती. तिच्यामुळेच प्रश्न विचारल्यानंतर योग्य आकडे हाती येईपर्यंत २५ वर्षे थांबणे त्यांना साधले. एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात जाऊ इच्छिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे ते हेच. आधी त्या क्षेत्रातील माणसाचा प्रश्न ऐकून घ्यावा, त्याने केलेल्या मोजमापांचा आदर करावा, सोडून दिलेल्या गोष्टींची यादी जवळ ठेवावी आणि मगच आपली समीकरणे उघडावीत.